मी सांगून मोकळा झालो, आई लपायला लागली

घरी सांगितल्यावर काय होतं, यावर मराठीत आता बऱ्यापैकी लिहिलं जातंय. पोरगं सांगतं, घर हादरतं, रडारड होते, कुणाचं दार कायमचं बंद होतं, कुणाचं वर्षा-दोन वर्षांनी किलकिलं होतं. मी गे आहे आणि माझ्याही घरी थोड्याफार फरकानं हेच झालं, म्हणून ते सगळं पुन्हा सांगत बसत नाही. मला आईबद्दल लिहायचंय. मी सांगून मोकळा झालो आणि त्या दिवसापासून लपायची पाळी तिच्यावर आली. मी संभाजीनगरात जोडीदारासोबत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. आमच्या मजल्यावर कोण राहतं हेही इथं कुणाला धड ठाऊक नसतं. आई राहते जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, जिथं रविवारी उपासनेला कोण आलं नव्हतं हे सोमवारी दूधवाल्यालासुद्धा माहीत असतं.

आम्ही ख्रिस्ती. मराठवाड्यात ख्रिस्ती आहेत हेच पुष्कळांना नवल वाटतं, म्हणून थोडं मागचं सांगतो. 19 व्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती उभी केली. निजामाच्या मुलखात ज्यांना गावकुसाच्या आत थारा नव्हता, अशी कितीतरी कुटुंबं त्या काळात मिशनकडे वळली. आमचंही त्यातलंच एक. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकी तुटली, आणि मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, हीच भावकी झाली. आजही आमच्या सोयरिकी जालना, संभाजीनगर, बीड, नगर एवढ्याच टापूत होतात. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलेली बाई आईची मावसबहीण असते, मागच्या बाकावरचे काका पप्पांच्या आत्याचे जावई. मंडळीत कळलं की सगळ्या गोतावळ्यात कळलं. त्यापलीकडे जायला आम्हाला दुसरं गोत नाही.

आईला मी 2018 च्या डिसेंबरात सांगितलं. नाताळचा फराळ चालू होता. ती करंज्या भरत होती, मी कातणीनं कडा कापत होतो. तिनंच विषय काढला, बीडकडच्या एका स्थळाचा. मी म्हटलं, आई, मला मुलीशी लग्न करायचंच नाही, मला मुलं आवडतात, लहानपणापासून. तिनं हातातली करंजी पूर्ण भरली, कडेला दुधाचं बोट फिरवलं, दाबून बंद केली, ताटात ठेवली, आणि मग विचारलं, "लहानपणी कुणी काही केलं का रे तुला?" मी नाही म्हटलं. मग, "म्हातारपणी तुझं कोण बघंल?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोलीस धरतील का, हे मात्र तिनं विचारलं नाही. 6 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून आपली सुटका केली होती आणि ती बातमी तिनं टीव्हीवर पाहिली होती. पाहताना मनात काय आलं होतं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी शेवटी एवढंच म्हणाली, "पप्पांना आत्ता नको सांगू. नाताळ होऊ दे."

पप्पांना तिनंच सांगितलं, जानेवारीत. पप्पा म्हणाले, घराबाहेर बोलायचं नाही. आजही ते तेवढंच म्हणतात. त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहायचं माझ्या मनात नाही.

पण "घराबाहेर बोलायचं नाही" हे पाळायला कुणाला लागलं? मी तर बाहेरगावी. दर गुरुवारी आमच्याकडे घरगुती प्रार्थनासभा असते, आळीपाळीनं एकेकाच्या घरी. गाणी होतात, वचन वाचलं जातं आणि मग पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, विचारतात, कुणाची काही प्रार्थनाविनंती? एक बाई म्हणते, लेकीचे दिवस भरत आलेत. कुणी म्हणतं, पोराचं पोलीस भरतीचं मैदान आहे. कुणाच्या विहिरीचं पाणी गेलेलं असतं. आई आयुष्यभर त्यात सगळ्यांत आधी बोलणारी. माझ्या दहावीच्या परीक्षेपासून माझ्या नोकरीपर्यंत माझं काहीही मंडळीच्या प्रार्थनेवाचून झालेलं नाही. त्या जानेवारीनंतर तिचा नंबर आला की ती म्हणायची, "काही नाही, आभारच आहेत." आत्यानं मला फोनवर हे सांगितलं, कौतुकानं: तुझ्या आईचा विश्वास किती वाढलाय बघ, काही मागतच नाही. ज्या एका गोष्टीसाठी आईला रात्र-रात्र झोप नव्हती, ती गोष्ट तिला तिच्या माणसांपुढे देवाकडे मागता येत नव्हती. मला त्या फोननंतर जितकं रडू आलं तितकं माझ्या स्वतःच्या कुठल्याच दुःखानं आलेलं नाही.

इथं हैदराबादच्या मित्राबद्दल सांगायला हवं. लॅब टेक्निशियन म्हणून काही वर्षं मी तिकडे नोकरीला होतो. शेजारच्या खोलीत माझ्याच वयाचा तेलुगू मुलगा राहायचा. रविवारी पांढराशुभ्र शर्ट, टाय. चहा नाही, कॉफी नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे फार अवघड जातं, चहा नाही म्हणणाऱ्या माणसाशी ओळख वाढवायची तरी कशी? पुढे कळलं की तो मॉर्मन. त्याच्या चर्चचं पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. जोसेफ स्मिथ यांनी 1830 साली अमेरिकेत ते स्थापन केलं, मुख्यालय युटामधल्या सॉल्ट लेक सिटीला. मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या, असं 2018 मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी सांगितलं, पण मित्र स्वतःला मॉर्मनच म्हणवतो, म्हणून मीही तेच लिहितोय. हैदराबादेत त्यांची मंडळी चांगली रुजलेली आहे.

त्यांच्यातली तरुण पोरं दोन वर्षं मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराला, जातात. पगार नाही, उलट पदरचा खर्च. गाव चर्च ठरवणार, सोबती चर्च ठरवणार. माझा मित्र गेला त्या काळी मिशनरीला घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मदर्स डेला. (2019 मध्ये ती दर आठवड्याला झाली.) दोन वर्षं तो दारोदार साक्ष देत फिरला आणि रोज रात्री गुडघ्यावर येऊन एकच मागणं मागत राहिला, हे माझ्यातून काढून टाक. मीही तरुण संघाच्या शिबिरात हेच मागायचो. गच्चीवर एका रात्री त्यानं हे सांगितलं आणि मी त्याला माझं सांगितलं. आम्ही दोघं एकमेकांच्या प्रेमात वगैरे नव्हतो. पण कुणापुढे तरी हे पहिल्यांदा मोठ्यानं बोललो, आणि तो माणूस देवाला मानणारा निघाला, याचं मला फार अप्रूप होतं. तोवर मला वाटायचं, यातला एकच रस्ता धरता येतो.

त्याच्या आईची गोष्ट समजायला त्यांच्यातलं सीलिंग समजायला हवं. आमच्या चर्चमध्ये लग्न लावताना मरणापर्यंतचं वचन देतात. मॉर्मन मंदिरात लागलेलं लग्न अनंतकाळासाठी असतं, आणि लेकरंही आईबापांशी कायमची जोडली जातात. भारतात त्यांचं मंदिरच नव्हतं, बंगळुरूच्या मंदिराची घोषणासुद्धा 2018 ची. म्हणून त्याच्या आईबापांनी पै-पै साठवली, सगळ्या लेकरांचे पासपोर्ट काढले आणि परदेशातल्या मंदिरात जाऊन सीलिंग करून घेतलं. घरात टीव्हीच्या वर त्या मंदिरासमोरचा फोटो आहे, सगळे पांढऱ्या कपड्यांत. मी तो पाहिलाय. आता त्यांच्या शिकवणीप्रमाणे स्वर्गातही पायऱ्या आहेत, आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर जायचं तर बाई आणि पुरुषाचं मंदिरातलं लग्न लागतं. मित्रानं घरी सांगितलं तेव्हा त्याच्या आईनं समाज काय म्हणेल, म्हातारपणी कोण बघेल, यातलं काही विचारलं नाही. तिनं विचारलं, "म्हणजे वर तू आमच्यात नसणार?"

मला हे ऐकून पहिल्यांदा उमगलं की अशा घरातली आई कशाला भिते. लोक म्हणतात, धार्मिक आईबाप कठोर असतात. असतीलही. पण या बाईला आपलं लेकरू अनंतकाळासाठी हरवल्यासारखं झालं होतं, आणि ते तिला तिच्या चर्चनंच शिकवलं होतं, प्रेमानं, गाण्यांतून, लहानपणापासून. त्यात नोव्हेंबर 2015 मध्ये त्यांच्या चर्चनं नियम काढला होता: समलिंगी लग्न करणारा सभासद धर्मत्यागी, आणि अशा जोडप्याच्या घरातल्या मुलांना 18 वर्षांची होईपर्यंत बाप्तिस्मा नाही. त्यांच्यात एरवी बाप्तिस्मा आठव्या वर्षीच होतो. एप्रिल 2019 मध्ये तोच नियम मागे घेतला. दोन्ही वेळा सांगणारे तेच, ऐकणारेही तेच. मधल्या काळात ज्या घरांत भांडणं झाली, ज्या पोरांनी घर सोडलं, त्यांचं काय, हा प्रश्न मित्राची आई आजही विचारते. चर्चची भूमिका आज अशी आहे की आकर्षण असणं पाप नाही, त्याप्रमाणे वागणं पाप. 2022 मध्ये अमेरिकेत समलिंगी लग्नांना संरक्षण देणाऱ्या कायद्याला त्यांनी पाठिंबाही दिला, पण स्वतःच्या मंदिरात असं लग्न लावणार नाही हे कायम ठेवून. देशाच्या कायद्यात जागा द्यायची आणि आपल्या घरात द्यायची नाही, हे मला पटत नाही. मित्राला मात्र वाटतं की हेही काही कमी नाही.

माझ्या आईचं ते "आभारच आहेत" मी मित्राला सांगितलं. तो म्हणाला, माझ्या आईचा नंबर दे तुझ्या आईला. मला हे धोक्याचं वाटलं. आमच्या मंडळीत मॉर्मनांना ख्रिस्ती मानतच नाहीत. ते आपल्यासारखं त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानत नाहीत, त्यांचं शास्त्रही वेगळं, त्यांच्यापासून सावध राहा, हे मी संडे स्कूलमध्येच शिकलो होतो. आईनंही पहिल्यांदा हेच विचारलं, "त्यांच्याशी बोललेलं चालंल का?" आणि मग, "तिचं पण लेकरू असंच आहे म्हणतोस?"

बोलल्या. भाषेचा प्रश्न आला नाही, निजामानं आम्हाला एवढी देणगी देऊन ठेवलीये. आईची जालन्याची हिंदी आणि त्या मावशींची हैदराबादी हिंदी, दोन्हीकडे "कायकू" आणि "नक्को". सुरुवातीला लोणची, गुडघेदुखी, पाण्याचे टँकर असलंच. मग कधीतरी दुपारी पप्पा झोपल्यावर आई अंगणात जाऊन बोलायला लागली. काय बोलायच्या ते सगळं मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. एक गोष्ट आईनं सांगितली. त्या मावशी म्हणाल्या होत्या, मी देवाला सांगितलं, वरच्या पायरीवर माझं लेकरू नसेल तर मला खालच्या पायरीवर त्याच्याजवळ ठेव. आई म्हणाली, "ती लै मोठ्या विश्वासाची बाई आहे." पाळकसाहेब ज्यांना ख्रिस्ती म्हणत नाहीत, अशा बाईबद्दल.

याच काळात नात्यातल्या एकीला कुणकुण लागली आणि उपाय सुचवणं सुरू झालं. एक दुष्टात्मे काढणारी सभा. एक शहरातला डॉक्टर, जो म्हणे "असले" पेशंट बरे करतो. आई माझ्याशी बोलण्याआधी मावशींशी बोलली, आणि मावशींच्या मुलानं त्यांना आधीच वाचून दाखवलं होतं की 1970 च्या दशकात युटातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात अशा मुलांना विजेचे झटके देऊन पाहिले होते आणि त्यातून आयुष्यं उद्ध्वस्त झाली. मी आईला आपल्याकडचं सांगितलं: जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलंय, आणि असा "इलाज" करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं नॅशनल मेडिकल कमिशननं 2022 मध्ये स्पष्ट केलंय. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात अशा डॉक्टरकडे न्यायचं चाललं असेल तर हे वाक्य घरच्यांना दाखवा. मद्रास हायकोर्टात दोन मुलींनी दाद मागितली, त्या खटल्यातून हे आलंय. त्यातला जून 2021 चा आदेश न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांचा. आपल्याला हे कळत नाही म्हणून त्यांनी स्वतः समुपदेशकाकडे बसून आधी समजून घेतलं आणि मग आदेश दिला. आमच्या पाळकांपैकी कुणी एकानं असं करावं, एवढीच माझी इच्छा आहे.

मग फेसबुकवरच्या एका फोटोवरून मंडळीत उघड झालं. मला वाटलं होतं, माझ्यावर काहीतरी येईल. सुट्टीत गेलो की पेटीवर मी बसायचो, ते बंद करतील. ते तर झालंच. पण महिला मंडळाची सेक्रेटरी असलेल्या आईला तोंडी निरोप आला, "सध्या थोडं थांबा." लिहून काही नाही. कुणी वाईट बोललं नाही, कुणी भांडलं नाही. कापणीच्या सणाच्या तयारीला तिला बोलावलं नाही, एवढंच. इतकी वर्षं त्या सणाची ज्वारीची कणसं, भोपळे, मोसंब्या, कोंबड्या, लिलावाची वही सगळं तिच्या हातानं व्हायचं. त्या वर्षी ती शेवटच्या बाकावर बसली आणि वहीत भलत्याच बाईचं अक्षर होतं. त्या माणसांना मी ओळखतो. त्यांच्याच मांडीवर खेळलोय. तरी लिहितो की हे क्रूर होतं. मी सांगितलं त्याची शिक्षा माझ्या आईला द्यायचा त्यांना काहीही अधिकार नव्हता.

पण तिथून ती बदलली. रोज पहाटे शास्त्र वाचणारी बाई ती. लोक बायबलमधले समलिंगी संबंधांविरुद्धचे उतारे, लेवीय 18 आणि रोमकरांस पत्राचा 1 ला अध्याय, काढून दाखवायचे, ती ऐकून घ्यायची. एकदा मला फोन करून म्हणाली, प्रेषितांची कृत्ये काढ, 8 वा अध्याय. ख्रिस्ती प्रचारक फिलिप्प आणि कूश देशाचा एक षंढ. तो रथात बसून यशया वाचत असतो, फिलिप्प त्याला अर्थ सांगतो, वाटेत पाणी लागतं आणि तो विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायाप्रमाणे अशा माणसाला मंडळीत यायला बंदी होती. आई म्हणाली, "तो तुझ्यासारखा होता असं मी म्हणत नाही. पण फिलिप्प त्याला म्हटला का, आधी बदलून ये? रथ थांबवला आन् दोघं पाण्यात उतरले." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं शोधलं होतं.

17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टानं लग्नाचा हक्क नाकारला तेव्हा तिनं दुपारीच फोन केला, "जेवलास का?" त्याआधी एप्रिलमध्ये आपल्यासारख्या मुलांच्या चारशेहून जास्त आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं, स्वीकार नावाच्या पालकांच्या गटातून. ते पत्र मी आईला वाचून दाखवलं होतं. मॉर्मन आयांनीही अमेरिकेत असा एक गट सुरू केला, मामा ड्रॅगन्स. आपल्या लेकरांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या आया. आई विचारते, जालन्यात कोण आहे? परभणीत, हिंगोलीत? मुंबईच्या बाया बोलतात, त्यांचं बरंय, त्यांना गुरुवारी कुणाच्या घरी जायचं नसतं. तिचं म्हणणं खरं आहे. मला मुंबई-पुण्यात, इंटरनेटवर माझी माणसं सापडली. आईला तिचं माणूस एका परक्या चर्चमध्ये, परक्या राज्यात सापडलं. मराठवाड्यातली जी आई आज कुठल्या तरी सप्त्यात, इज्तिमात, बुद्धविहारात किंवा प्रार्थनासभेत "काही नाही, आभारच" म्हणत असेल, तिच्यासाठी हे लिहिलंय. तिच्या लेकरानं हे तिला वाचून दाखवावं. बोलावंसं वाटलं तर आई फोनवर बोलायला तयार आहे. खाली लिहा, मी नंबर जुळवून देईन. ती दुपारी 2 नंतर मोकळी असते.

सध्याची बातमी अशी. आमच्या गावी नवे पाळक बदलून आलेत, तरुण आहेत. आम्ही दोघांनी मे महिन्यात फ्लॅट बदलला. नव्या घरात राहायला गेलं की आमच्यात गृहप्रार्थना करतात, पाळक येऊन घराला आशीर्वाद देतात. आई कुणालाही न विचारता पाळकांच्या घरी गेली आणि म्हणाली, माझ्या मुलानं नवीन घर घेतलंय, तो आणि त्याचा जोडीदार राहतात, तुम्ही प्रार्थनेला याल का? ते लगेच नाही म्हणाले नाहीत. कमिटीपुढे ठेवतो म्हणाले. कमिटीत पप्पाही आहेत. बैठक पुढच्या रविवारी उपासनेनंतर आहे, आणि आई म्हणते की विषय निघेल तेव्हा ती बाहेर बाकावर बसून राहणार नाही, आत जाऊन बसणार.